साहेबाच्या शब्दांची मुळं खणणारे मुनशीजी

कापसाच्या तेजीच्या त्या वर्षांत अमरावतीच्या बाजारात मुंबईचे दलाल आले, पारशी आले, गोरे साहेब आले, आणि साहेबांच्या मागे त्यांचे कुत्रे नि खानसामे आले. या सगळ्यांनी मिळून माझा जेवढा वेळ खाल्ला नसेल तेवढा एकट्या मुनशीजींनी खाल्ला. हे मी कोणत्याही देवळाच्या पायरीवर हात ठेवून सांगायला तयार आहे. आज माझ्या तोंडात तीन दात उरले आहेत, डोळ्यांना वावराच्या हद्दीचा धुरा दिसत नाही, पण मुनशीजींचं नाव निघालं की अजून आधी रागच येतो. लोकांना जुन्या माणसांची आठवण झाली की गहिवरून येतं म्हणतात. मला तसं काही होत नाही. मला त्यांची ती हिरवी छत्री आठवते, काखेतलं ते बासन आठवतं, आणि माझ्या कापसाच्या सात बैलबंड्या भर उन्हात उभ्या असताना "पाटील, एक मिनिट, या शब्दाचं मूळ ऐका" म्हणणारा तो शांत आवाज आठवतो, आणि डोकं तापतं.

मला स्वतःला शाळा फार नाही. पंतोजींनी बाराखडी शिकवली, आणि जोडाक्षरं शिकवायच्या आधी माझ्या बापानं मला उचलून वखरावर उभा केला. जोडाक्षरं मग मी माझी मीच शिकलो, ती कुठं वाकडी आली असतील तर वाचणाऱ्यानं सरळ करून घ्यावी. पण एवढ्या शिक्षणावरही मला एक गोष्ट कळत होती, की बोलणं हे काम उरकायसाठी असतं. 'बाजूला हो' म्हटलं की माणसानं बाजूला व्हावं. मुनशीजींना हे कधीच मान्य झालं नाही. त्यांच्या लेखी शब्द हा कामाचा गडी नव्हता, पाहुणा होता. तो आला की आधी त्याला पाय धुवायला पाणी द्यायचं, गाव विचारायचं, बाप विचारायचा, आजा विचारायचा, आणि मग तो कशासाठी आला ते. तेवढ्यात बाजार उठून जाई.

मुनशीजी मूळचे अकोल्याचे, जुन्या मुसलमान घराण्यातले. त्यांचे वडील निजामाच्या अमलात फारशीत कागद लिहीत. वऱ्हाड इंग्रजाकडे गेलं तशी फारशीची किंमत उतरली, म्हणून मुलानं इंग्रजी धरली. ती शिकवली एका म्हाताऱ्या पाद्र्यानं. पाद्री परत आपल्या देशाला गेला आणि जाताना या माणसाच्या हाती एक जाडजूड शब्दांचं पुस्तक देऊन गेला. सगळा घोटाळा त्या पुस्तकानं केला. त्यात प्रत्येक इंग्रजी शब्दापुढे तो कुठून निपजला ते लिहिलेलं होतं, आणि अर्ध्याच्या वर शब्द लॅटिनमधून आलेले होते. लॅटिन म्हणजे रोम नावाच्या कुठल्याशा जुन्या राज्याची बोली. ते राज्य बुडालं, बोलणारे मेले, पण मरताना आपले शब्द इंग्रजाच्या घरात टाकून गेले, असं मुनशीजींचं सांगणं. पहिली पन्नासेक पानं वाळवीनं खाल्ली होती, म्हणून ए अक्षराच्या शब्दांवर मुनशीजी कधी बोलत नसत. कोणी विचारलंच तर "त्याईचे आईबाप वाळवीनं खाल्ले" एवढं म्हणून गप्प बसत, आणि खरोखर कुणाच्या घरी सुतक असावं तसा चेहरा करत.

साहेबाच्या कचेरीत ते तर्जुमा करायच्या, म्हणजे साहेबाचं बोलणं आम्हाला नि आमचं साहेबाला उलटवून सांगायच्या नोकरीवर होते. हा साहेब सरकारनं कापसातली भेसळ पाहायला पाठवलेला. मोठा रुबाबदार, आणि मोठमोठे शब्द वापरायची भारी हौस. अशा माणसाच्या हाताखाली अशा माणसाला ठेवणं म्हणजे गंजीजवळ चूल मांडणं, पण हे कोणाला आधी सुचलं नाही. एकदा पगाराच्या दिवशी मुनशीजींनी सगळ्या शिपायांना ओसरीवर बसवून सांगितलं, की सॅलरी म्हणजे पगार, आणि सॅलरीच्या पोटात लॅटिनचं मीठ आहे. रोमच्या शिपायाला मिठासाठी म्हणून काही मिळत असे, त्यावरून हा शब्द. शिपायांनी एवढंच ऐकलं, की साहेबाच्या पुस्तकात पगार मिठाचा लिहिला आहे. दुपारपर्यंत बाजारभर झालं, की सरकार यापुढे सगळ्यांना मीठ देणार. शिपाई काम टाकून बसले. एकजण तर घरून पोतं घेऊन आला, तेवढा शहाणा. साहेब बाहेर येऊन विचारतो, हे काय चाललंय? मुनशीजी पुढे होऊन हिंदुस्थानीत म्हणतात, "हुजूर, काही नाही, थोडी तारीख समजावून सांगत होतो." त्यांच्या फारशीत तारीख म्हणजे इतिहास, हे साहेबाला कुठून माहीत. तो भिंतीवरचं कॅलेंडर पाहत राहिला.

माझ्यावर तर त्यांचा विशेष लोभ. काहून, ते मला आजवर कळलेलं नाही. मी त्यांना कधी एक शब्द विचारला नाही, आणि विचारत नाही म्हणूनच बहुधा सांगत. तिवशाकडचे दोन चुलतभाऊ एका नाल्याच्या पाण्यावरून वर्षानुवर्षं भांडत होते. मी मुनशीजींना म्हटलं, तुम्ही दोघांना चार शब्द सांगा, तुमचं वजन आहे. ते तयार झाले. नाल्याच्या काठावर दोघांना उभं करून त्यांनी सांगितलं, की रायव्हल म्हणजे आजच्या इंग्रजीत वैरी, चढाओढ करणारा. पण लॅटिनमध्ये त्याचा अर्थ एकाच ओढ्याचं पाणी पिणारे दोघे शेजारी. "म्हणजे पाहा," मुनशीजी म्हणाले, "दुनियेतले पहिले दुश्मन तुमीच होय." दोघं भाऊ एकमेकांकडे बघू लागले. थोरला म्हणाला, "हा कोण होय बे, आमाले दुश्मन म्हणणारा?" धाकटा म्हणाला, "दादा, तू त्या बाजूनं जाय." पंचवीस वर्षांत ते दोघं पहिल्यांदा एका मताचे झाले, आणि मुनशीजींना दोन कोस पळावं लागलं. भांडण मिटलं ते मिटलंच, पण त्याचं श्रेय मी मुनशीजींना देणार नाही. त्यांच्यामागे मलाही पळावं लागलं, माझ्या छत्रीची काडी मोडली त्यात.

मैलाचं तर विचारूच नका. रेल्वेची आखणी चालली होती, जो तो मैल मैल करू लागला होता. मुनशीजींना पुस्तकात सापडलं, की मैल म्हणजे लॅटिनमध्ये हजार, रोमच्या फौजेची हजार जोडपावलं. आता सापडलं तर घरी बसून खूश व्हावं. नाही! हा माणूस अमरावतीहून बडनेऱ्याला पावलं मोजत निघाला, आणि मला बरोबर घेऊन निघाला, कारण मला बडनेऱ्याला काम होतं. डावं-उजवं मिळून एक. सहाशेच्या पुढे गेल्यावर वाटेत म्हशी आडव्या आल्या, एकीनं छत्रीला शिंग लावलं, आणि आकडा गेला. मी म्हटलं, "सहाशे धरा नि चला." म्हणाले, "पाटील, रोमच्या शिपायानं असं केलं असतं तर रस्ता कुठी गेला असता?" आणि परत फिरले, अमरावतीच्या वेशीपासून पुन्हा सुरू करायला. मी एका झाडाखाली बसून राहिलो. ते आले तेव्हा ऊन उतरलं होतं, आणि माझं बडनेऱ्याचं काम दुसऱ्यानं नेलं होतं.

हे एवढं लिहिलं म्हणजे मी त्यांना नुसतं वेडं म्हणतो आहे असं कोणी समजू नये. वेडं म्हणणारे बाजारात पुष्कळ होते. त्यांना 'मूळव्याध' म्हणत, तोंडावर म्हणत, आणि दात काढत. हे लोक माझ्या डोक्यात जात. मी मुनशीजींवर रागावतो तो माझा हक्क आहे, माझा वेळ गेला आहे. या लोकांचं काय गेलं होतं? माझा बाप तापानं फणफणला होता तेव्हाची गोष्ट. खाटेवर पडून तो मेलेल्या बैलांना हाका मारी, "हाट, हाट, वळ रे राजा" करी, आणि आई कोपऱ्यात रडे. छावणीतल्या डॉक्टराला मुनशीजींनीच आणलं. तो पाहून म्हणाला, डिलिरियम. आईनं विचारलं, "काय म्हणते हो तो? भूत म्हणते का?" मुनशीजींनी मान हलवली. म्हणाले, "भूत नाई, वहिनी. या शब्दाचं मूळ नांगराच्या तासात हाये. नांगर तास सोडून बाजूले गेला म्हणजे लॅटिनचे लोक हा शब्द म्हणत. पाटलाचा नांगर जरा तासातून निसटला हाये, येईल परत." आईनं पदरानं डोळे पुसले. वैद्यानं आठ दिवस सांगून जे तिला कळलं नव्हतं ते तिला तेवढ्यात कळलं. बाप नवव्या दिवशी उठून बसला. एवढा एक शब्द मला पटला. बाकीच्यांबद्दल माझं मत कायम आहे.

आता त्यांची दुसरी खोड सांगतो, कारण तिनंच घात केला. मुनशीजी तर्जुमा करताना एक अक्षर सोडत नसत. दोन माणसांच्या मध्ये बोलणारानं थोडं गाळावं, थोडं मऊ करावं, ही जगाची रीत आहे. त्यांच्या मते ती चोरी होती. "अर्धा तर्जुमा म्हणजे पाण्यातलं दूध," म्हणत, आणि मोठ्या आवाजात, दोन्ही बाजूंना ऐकू जाईल असं सांगत. आमच्या बाजारात सौदा होतो तो रुमालाखाली. दलाल नि मालक एकमेकांची बोटं दाबतात, भाव ठरतो, तिसऱ्याला पत्ता लागत नाही. साहेबानं एकदा सहज विचारलं, हे लोक रुमालाखाली काय बोलताहेत? मुनशीजी जवळ गेले, दलालाच्या मनगटाच्या शिरा हलताना पाहिल्या, आणि भर बाजारात मोठ्यानं भाव सांगितला. बरोबर सांगितला! त्या दलालानं रुमाल मुनशीजींच्या अंगावर फेकला तो अजून मला दिसतो. मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, "काहून सांगितलं?" तर म्हणाले, "सायबानं विचारलं ना."

तर आता मुख्य गोष्ट. आमच्याकडे पहिल्या वेचणीच्या आधी सीतादही करतात. घरची लक्ष्मी पऱ्हाटीच्या, म्हणजे उभ्या कापसाच्या वावरात जाते, दहीभात कालवते, हळदकुंकू वाहते, आणि तो दहीभात पऱ्हाटीवर नि पहिल्या फुटलेल्या बोंडांवर शिंपडते. सगळं वऱ्हाड करतं. आमच्या घरी याच्यापुढे एक जास्तीची रीत आहे, की त्या पहिल्या बोंडांचा कापूस तसाच भातासकट बाजूला ठेवायचा, आणि बाजाराला जाणाऱ्या पहिल्या बंडीत सर्वांत खाली घालायचा. माझ्या आजीच्या आजीनं सुरू केलेली रीत, तिला कोणी काहून विचारलं नाही. त्या वर्षी माझ्या बायकोनं, नवी नवरीच होती ती, स्वतःच्या हातानं तो कापूस बंडीत ठेवला आणि मला बजावलं, की तो हलवू नका.

अमरावतीला साहेबानं बंडी उभी केली. शिपायानं खालपर्यंत हात घातला आणि नेमका तोच कापूस वर काढला. वाळलेले भाताचे दाणे, दह्यानं चिकटलेले पुंजके, हळदीचे पिवळे डाग. साहेबानं तो नाकाला लावला आणि तोंड वाकडं केलं. भेसळ! कापसात धान्य घालून वजन वाढवलं! त्या साहेबाचा शिरस्ता सगळ्यांना माहीत होता. भेसळीचा कापूस तिथंच मैदानात पेटवायचा, आणि मालकाचं नाव, बापाचं नाव, गावाचं नाव घेऊन बाजारात दवंडी द्यायची, की हा ठग आहे. आधीच्या महिन्यात एकाची दवंडी झाली होती. त्याच्या पोरीचं ठरलेलं लग्न त्याच दिवशी मोडलं. मला कापसाचं काही वाटलं नाही. खरं सांगतो, सातही बंड्या जळाल्या असत्या तर मी घरी जाऊन भाकर खाल्ली असती. पण माझ्या बापाचं नाव ढोलावर? तापातून उठलेल्या त्या माणसाचं? ज्यानं जन्मात दुसऱ्याच्या धुऱ्यावरचं गवत कापलं नाही त्याचं? मी म्हणालो, "मुनशीजी, या लाल तोंडाच्या माकडाले सांगा का हा देवाचा भात हाये. अन् आमच्या सात पिढ्यात कोणी ठग झाला नाई."

मुनशीजींनी सांगितलं. सगळं सांगितलं. लाल तोंडाचं माकडसुद्धा सांगितलं. त्या क्षणी मी त्यांचा जीव घेतला असता.

साहेब खुर्चीवरून उठला. देवाचं नाव प्रत्येक ठग घेतो, म्हणाला. आणि शिपायाकडे वळून, छाती काढून, त्यानं एक मोठा शब्द टाकला, की हा कापूस इमोलेट करा. शिपायाला इंग्रजी थोडंच येत होतं! तो मुनशीजींच्या तोंडाकडे पाहू लागला. पेटती चूड त्याच्या हातात. सगळा बाजार गोळा झालेला.

"सांगा ना," शिपाई म्हणाला.

"नाई सांगत," मुनशीजी म्हणाले. "शब्द चूक हाये."

मग ते साहेबाकडे वळले नि इंग्रजीत बोलू लागले, आणि नेहमीच्या सवयीनं प्रत्येक वाक्य आमच्यासाठी वऱ्हाडीतही टाकू लागले, त्यामुळे आम्हाला सगळं कळलं. म्हणाले, "हुजूर, इमोलेट म्हणजे आज तुमी जाळणं म्हणता, बळी देणं म्हणता. पण याच्या पोटात लॅटिनचा मोला हाये. मोला म्हणजे भरडलेलं खारं पीठ. रोमचे लोक देवाले काही वाहायचं असलं का त्याच्यावर पहिले ते पीठ भुरभुरत. त्या भुरभुरण्याचं नाव इमोलेट. या पाटलाच्या बायकोनं कापसावर दहीभात शिंपडला. म्हणजे हुजूर, हा कापूस इमोलेट होऊनच आला हाये. दुसऱ्यांदा कसा करावा?"

साहेब म्हणाला, हे खोटं आहे. मुनशीजी म्हणाले, पुस्तक घरी आहे, आणतो. साहेब म्हणाला, आण. पुस्तक नेहमी काखेत घेऊन फिरणारा हा माणूस नेमका त्याच दिवशी ते घरी ठेवून आला होता, बासन धुवायला टाकलं होतं म्हणून!

ते गेले. आणि आले नाहीत. मी मैदानात उभा, माझ्या बापाचं नाव ढोलवाल्याच्या काडीवर टांगलेलं, शिपायाची चूड एकदा विझली, दुसऱ्यांदा पेटवली, पुन्हा विझली. साहेब खुर्चीत घामानं भिजला. लोक मला पाणीसुद्धा विचारेनात, उद्या ठग ठरणाऱ्याला कोण विचारतो. मी मनातल्या मनात मुनशीजींना ज्या शिव्या दिल्या त्या माझ्या आईला कळत्या तर तिनं मला घरात घेतलं नसतं. शेवटी ती हिरवी छत्री लांबून हलताना दिसली. पळत नव्हती हो! चालत होती. जुहरची, दुपारची नमाज झाली होती, बासन वाळलं की नाही ते पाहून झालं होतं, आणि वर म्हणतात कसे, "उशीर झाला, पाटील. पान उघडलंच होतं तर शेजारचे दोन शब्द पण पाहून घेतले."

साहेबानं पुस्तक मांडीवर घेतलं. बोट ठेवून वाचलं. पुन्हा वाचलं. त्याचा चेहरा हळूहळू बदलला, आणि पहिल्यांदाच तो मला माणसासारखा दिसला, शाळेतल्या पोरासारखा. तो पुस्तकाकडे बघत, कोणालाच नाही, आपल्याशीच काहीतरी पुटपुटला.

मुनशीजींनी मान वर केली आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं सांगितलं, "सायब म्हणते का शाळेत या लॅटिनपायी मास्तरानं मले बारा छड्या मारल्या, तरी मले हे आलं नाई."

बाजार हसला. दलाल हसले, हमाल हसले, चूडवाला शिपाई हसला. आणि सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो. तीन तास छातीवर धोंडा होता, तो उतरला होता, म्हणून हसलो. पण हसलो ते खरं. साहेबानं माझ्याचकडे पाहिलं. त्याच्या मानेपर्यंत लाली चढली. त्यानं हातानं बंडी पुढे न्यायची खूण केली, पुस्तक मिटून मुनशीजींच्या हातात दिलं, आणि हळू आवाजात एक वाक्य बोलला.

मुनशीजींनी तेही सांगितलं. त्याच आवाजात, एक अक्षर न सोडता. "सायब म्हणते का मुनशीनं उद्यापासून कामावर येऊ नये."

मग त्यांनी पुस्तक बासनात बांधलं, ओलसरच होतं ते, गाठ मारली, आणि छत्री उघडली.

मी धावत मागे गेलो. म्हटलं, "मुनशीजी, तुमी माझ्या बापाचं नाव वाचवलं." तर थांबून मला म्हणतात, "तुमच्या बापाचा काय संबंध? सायब शब्द उलटा वापरून राहिला होता." घ्या! ज्याचे पाय धरायला जावं त्यानं असं बोलावं? वर आणखी ऐका. तिसऱ्या दिवशी साहेबाचा राग उतरला, शिपाई निरोप घेऊन आला, की छड्यांचं बोलणं साहेब बोललेच नव्हते, तर्जुमा चुकला, एवढं चार लोकांसमोर म्हणा आणि कामावर या. मी तिथं बसलो होतो. मी म्हटलं, "म्हणा ना! एक वाक्य तर हाये." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसा मी त्यांना कोणाचं पोर विकायला सांगत होतो. "बोलले होते," म्हणाले. "म्या ऐकलं." आणि आठवड्यात सामान बांधून अकोल्याला गेले. असा हट्ट! मी स्वतः हट्टी माणूस आहे, गावाला विचारा, पण माझ्या हट्टानं माझी चूल विझत नाही.

पुढे ज्या लढाईनं ही तेजी आली होती ती अमेरिकेतली लढाई संपली म्हणे, भाव उतरला, साहेबही एकेक करून गेले. अकोल्याला काही कामानं गेलो असता मी मुनशीजींच्या घरी गेलो. दुकानदारांना इंग्रजी अक्षरं शिकवून ते दिवस काढत होते. अचकनीला ठिगळ होतं. मी मनाशी ठरवून गेलो होतो, की आज म्हणायचं, त्या दिवशी मी हसलो नसतो तर साहेबाला एवढं लागलं नसतं. पण आमच्या घरात असं म्हणायची सवय कोणाला नाही. ते माझ्या तोंडाकडे बघताहेत, मी त्यांच्या. काहीतरी बोलायचं म्हणून मी उभ्या जन्मात पहिल्यांदा त्यांना विचारलं, "मुनशीजी, आमच्या पऱ्हाटीचं मूळ काय?"

त्यांचे डोळे चमकले, तोंड उघडलं, आणि मिटलं. फारशी आठवून पाहिली, अरबी पाहिली. कापसाचा इंग्रजी शब्द अरबीतून गेला हे त्यांना ठाऊक होतं, पण पऱ्हाटी? शेवटी म्हणाले, "सांगतो, पाटील. जरा वेळ द्या."

मी विसरून गेलो. चैत्र लागला, ऊन असं की पाखरू बाहेर पडत नव्हतं. एका दुपारी ओसरीसमोर कोणी उभं दिसलं. मुनशीजी होते. अकोल्याहून येताना मुर्तिजापूरपर्यंत कोणाच्या तरी गाडीतून, पुढचं सगळं पायी. पाय सुजले होते. बायकोनं पाणी दिलं ते त्यांनी डोळे मिटून घेतलं. मग छातीवर हात ठेवून म्हणाले, "पाटील, नाई सापडलं."

"काय नाई सापडलं?"

"पऱ्हाटीचं मूळ. पातूरच्या एका जुन्या शास्त्र्याले विचारलं, दोन मौलवीले विचारलं. एकाचं एकाशी जुळत नाई. खात्रीचं नाई सापडलं."

माझा पारा चढला. मी ओरडलोच. "एवढं सांगायले तुमी या उन्हात आले? जीव गेला असता म्हणजे? नसतं सापडलं तर नसतं सापडलं, घरी बसायचं होतं!"

"तुमी विचारलं होतं ना," ते म्हणाले.

दोन दिवस राहिले. बायकोनं ज्वारीची भाकर नि अंबाडीची भाजी केली, ती आवडीनं खाल्ली. माझ्या बापाशी बैलांच्या गोष्टी केल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांना पोचवायला मी स्वतः बैलांची दमणी जुंपली, गडी असून. ते हसण्याचं जुंपताना म्हणेन, असं ठरवलं. मग म्हटलं, बसल्यावर म्हणेन. ते चढून बसले, पुस्तक मांडीवर घेतलं, छत्री उघडली. मी कासरा हातात घेऊन चाकाजवळ उभा राहिलो, आणि ते माझ्याकडे पाहत होते, जसा मी काही विचारणार आहे.

"मुनशीजी," मी म्हणालो, "पाणी घेतलं का सोबत?"

"घेतलं," ते म्हणाले.